कावीळ उतरली, तरी हिमोग्लोबिन तपासायचे राहू नये

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) : माझी पहिली मुलगी आता तीन आठवड्यांची आहे. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, यजमानांचा बी पॉझिटिव्ह आणि मुलीचाही बी पॉझिटिव्ह आहे. जन्मानंतरचा पहिला दिवस पुरा होण्याआधीच तिचा चेहरा पिवळा दिसू लागला. आई आणि बाळ यांचे रक्तगट न जुळल्यामुळे कावीळ झाल्याचे सांगून डॉक्टरांनी तिला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले आणि बिलिरुबिन (काविळीतले पिवळे द्रव्य) उतरल्यावर घरी सोडले. कागदावर मात्र ‘कूम्ब्ज चाचणी निगेटिव्ह’ असे लिहिले आहे. मग निदान बरोबर होते का? सासूबाईंचे म्हणणे असे की, माझ्या रक्तामुळे हे झाले असेल तर माझे दूधही बाळाला देऊ नये. मावससासूबाई विचारतात की, ‘अशा’ बायकांना देतात ते इंजेक्शन मला का दिले नाही. दुसऱ्या मुलाच्या वेळी काय होईल, या विचाराने मला झोप लागत नाही. बाकी मुलगी शांत आहे, फारशी रडत नाही, दूध पिताना चार-पाच मिनिटांतच दमून झोपते. डोळ्यांत थोडा पिवळेपणा अजून आहे, म्हणून आम्ही तिला रोज सकाळी कोवळ्या उन्हात धरतो.

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलेच नाही. ‘दूध पिताना चार-पाच मिनिटांतच दमून झोपते’ हे वाक्य तुम्ही ‘मुलगी शांत आहे’ याच्या ओघात लिहून गेलात. परंतु ज्या बाळाच्या लाल पेशी रक्तगटाच्या कारणाने फुटल्या आहेत, त्या बाळाच्या बाबतीत हे वाक्य वाचल्यावर प्रथम हिमोग्लोबिनचा विचार करावा लागतो. सदराचा अंक हाती येईपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून हा भाग तुम्हाला आधीच स्वतंत्रपणे कळवला आहे. इतर वाचकांसाठी तो येथे पुन्हा देत आहे, कारण कावीळ उतरली की प्रकरण मिटले, असा समज बहुतेक घरांत असतो.

बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्याने तयार होणाऱ्या लाल पेशींचे प्रमाण, आणि एकूण व डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेले) असे दोन्ही बिलिरुबिन तपासून घ्या. पूर्ण दिवसांच्या बाळाचे हिमोग्लोबिन जन्मतः साधारण १६ ते १८ ग्रॅम असते आणि दोन-तीन महिन्यांत ते १० ते ११ पर्यंत आपोआप उतरते. ही उतरण सर्वच बाळांमध्ये होते आणि तिच्यासाठी काही करावे लागत नाही. तुमच्या मुलीच्या रक्तात मात्र तुमच्याकडून आलेली प्रतिपिंडे (परक्या खुणांविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने, म्हणजे अँटिबॉडीज) अजून शिल्लक आहेत. त्यांचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणजे आज तिच्या शरीरात जन्माच्या वेळच्या निम्म्याच्या आसपास प्रतिपिंडे असू शकतात आणि ती संथपणे का होईना, लाल पेशी फोडत राहू शकतात. त्यामुळे हिमोग्लोबिनची नेहमीची उतरण लवकर सुरू होते आणि अधिक खोल जाते. बिलिरुबिन बाहेर टाकण्याइतके यकृत आता सक्षम झालेले असल्यामुळे कावीळ वाढताना दिसत नाही, आणि पिवळेपणा वाढत नसल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

तपासणीला जाईपर्यंत घरी काय पाहावे, तेही सांगतो. दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ बाळाच्या खालच्या पापणीची आतली बाजू, हिरड्या आणि तळहात पाहा. ते फिकट, पांढुरके वाटत आहेत का, हे ध्यानात येईल. दूध पिताना कपाळावर घाम येणे, श्वास वेगाने चालणे (शांत झोपेत मिनिटाला ६० च्या वर), पिणे अर्धवट सोडणे आणि वजन अपेक्षेप्रमाणे न वाढणे, ही पांडुरोगाची, म्हणजे रक्तक्षयाची, लक्षणे असू शकतात. या वयात दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढावे आणि चोवीस तासांत किमान सहा वेळा लंगोट चांगला ओला व्हावा. यांतले काही बिनसलेले दिसले, तर तपासणी पुढच्या आठवड्यावर न टाकता त्याच दिवशी करून घ्यावी. चार-पाच मिनिटांत झोपणारी पुष्कळ बाळे पूर्ण निरोगीही असतात, आणि तुमचीही तशीच निघण्याची शक्यता चांगली आहे. पण ते अंदाजाने ठरवू नये, थोड्याशा रक्ताच्या तपासणीने ठरवावे. हिमोग्लोबिन उतरलेले निघाले तरी लगेच रक्त चढवावे लागतेच असे नाही. बाळ कसे पिते आहे, वजन वाढते आहे का आणि नव्या पेशी तयार होऊ लागल्या आहेत का, हे सारे एकत्र पाहून डॉक्टर निर्णय घेतात, आणि अनेकदा आठवड्याच्या अंतराने पुन्हा तपासणे एवढेच पुरते. मनानेच लोहाचे औषध मात्र सुरू करू नका, कारण पेशी शरीरातच फुटल्या असल्यामुळे त्यांतील लोह शरीरातच राहिलेले असते.

दुसरी तपासणी डायरेक्ट बिलिरुबिनची सांगितली, तिचे कारण वेगळे आहे. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये सौम्य पिवळेपणा काही आठवडे रेंगाळू शकतो आणि तो निरुपद्रवी असतो. परंतु दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा दिसत असेल, तर पित्ताच्या मार्गात अडथळा नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे, असा बालरोगशास्त्रातील नियमच आहे. बाळाची शी पांढुरकी किंवा मातकट असेल किंवा शूचा लंगोटावर पिवळा डाग पडत असेल, तर ही बाब तातडीची समजावी, कारण पित्तमार्गाच्या एका आजारात शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितकी ती उपयोगी पडते. या आजाराचा रक्तगटाशी काही संबंध नाही. तथापि, ‘हिची कावीळ रक्तगटाची होती, म्हणून राहिली असेल’ असे म्हणून हा आजार नजरेतून सुटण्याचा धोका तुमच्यासारख्या घरातच अधिक असतो.

आता मूळ प्रकार काय घडला, ते पाहू. पती-पत्नींचे रक्तगट जुळावे लागतात, हा समज आधी मनातून काढून टाकावा. येथे प्रश्न केवळ आई आणि तिच्या पोटातील बाळ यांचा असतो. तुमच्या लाल पेशींवर ए किंवा बी यांपैकी कोणतीही खूण नाही, म्हणून तुमचा गट ओ. ज्याच्या पेशींवर जी खूण नसते, त्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडे त्याच्या शरीरात लहानपणीच तयार होतात, कारण आतड्यांत वसणाऱ्या जिवाणूंवरही तशाच खुणा असतात. म्हणजे बी गटाविरुद्धची तुमची प्रतिपिंडे तुम्ही या मुलीच्या आई होण्याच्या कितीतरी आधीपासून तुमच्या रक्तात आहेत, आणि जगातील जवळजवळ प्रत्येक ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ती असतात. ए किंवा बी गटाच्या आईमध्ये ही प्रतिपिंडे बहुतांशी मोठ्या आकाराची, आय-जी-एम प्रकारची असल्यामुळे वारेतून पलीकडे जाऊ शकत नाहीत. ओ गटाच्या आईमध्ये त्यांचा बराच भाग आय-जी-जी प्रकारचा असतो आणि हा प्रकार वार मुद्दाम बाळाकडे पोचवते, कारण गोवर किंवा धनुर्वातापासून बाळाचे पहिल्या काही महिन्यांत रक्षण करणारी प्रतिपिंडेही याच प्रकारची असतात. ज्या वाटेने तुम्ही मुलीला संरक्षण दिलेत, त्याच वाटेने ही प्रतिपिंडेही गेली. यात ‘रक्तातला दोष’ शोधायचा म्हटले तरी सापडणार नाही. साधारणपणे १५ ते २५ टक्के गरोदरपणांत आई आणि बाळ यांच्यात ए-बी-ओ गटांची अशी विसंगती असते. त्यांतील थोड्याच बाळांना उपचार लागण्याइतकी कावीळ होते.

कावीळ का चढते, हेही समजून घ्यावे. लाल पेशी फुटली की तिच्यातील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. पोटात असताना ते वारेतून आईकडे जाते आणि आईचे यकृत त्याचा निचरा करते, म्हणूनच अशी बाळे जन्मतः पिवळी दिसत नाहीत. नाळ कापल्यानंतर हे काम बाळाच्या स्वतःच्या यकृतावर येते आणि त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) पहिल्या दिवसांत फारच अपुरे असते. हौदात पाण्याची धार वाढावी आणि त्याच वेळी तळाची तोटी जेमतेम उघडी असावी, तशी ही स्थिती असते. प्रमाण फार वाढले तर हे बिलिरुबिन मेंदूत शिरून श्रवणशक्ती आणि हालचाली यांची कायमची हानी करू शकते; पहिल्या चोवीस तासांत दिसणारी कावीळ कधीही ‘नेहमीची’ मानत नाहीत, याचे कारण हेच. तुमच्या डॉक्टरांनी ती वेळेत ओळखली, तासांच्या हिशोबाने असलेल्या तक्त्यावर बिलिरुबिनचा आकडा ताडून पाहिला असणार, आणि दिव्याखाली ठेवून तो आटोक्यात आणला. बाळ न उठणे, अंगावर न ओढणे, किंचाळल्यासारखे बारीक व तीव्र रडणे, पाठीची कमान करणे, यांपैकी काही तुम्ही लिहिलेले नाही. तेव्हा मेंदूला काही झाले असेल का, ही भीती बाळगण्याचे कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही. नवजात बाळांची श्रवणचाचणी झाली नसेल तर ती करून घ्यावी, इतकेच.

कूम्ब्ज चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निदान चुकले, असेही नाही. ही चाचणी बाळाच्या लाल पेशींना आईची प्रतिपिंडे चिकटलेली आहेत का, ते पाहते. नवजात बाळाच्या पेशींवर ए आणि बी या खुणा प्रौढांच्या मानाने विरळ असतात, शिवाय त्या खुणा शरीराच्या इतर पेशींवर आणि द्रवांतही असल्यामुळे बरीचशी प्रतिपिंडे तिकडेच अडकून पडतात. परिणामी लाल पेशीवर ती इतकी थोडी असतात की चाचणी क्षीण पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्हही येते. ए-बी-ओ विसंगतीचा आजार बहुधा सौम्य राहतो, याचेही कारण हेच आहे. आई ओ, बाळ बी, कावीळ पहिल्या चोवीस तासांत आणि रक्ताच्या काचेवर गोल, आखडलेल्या लाल पेशी, असे चित्र एकत्र दिसले की निदानाला पुरेसा आधार मिळतो. चाचणी निगेटिव्ह असूनही कावीळ तीव्र असेल, तर जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता नाही ना, हेही पाहिले जाते. तुमच्या कागदांत ती तपासणी दिसत नसेल, तर या भेटीत डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

सासूबाई हे नातीच्या काळजीपोटीच म्हणत आहेत, म्हणून त्यांना हे उत्तर वाचूनच दाखवा. आईचे दूध थांबवू नये. दुधात प्रतिपिंडे असतात हे खरे. पण त्यांतली बहुतेक आय-जी-ए या प्रकारची असून आतड्यातच राहून जंतूंना अडवतात, ती बाळाच्या रक्तात जाऊन लाल पेशी फोडत नाहीत. उलट बिलिरुबिन शरीराबाहेर जाण्याचा मुख्य रस्ता बाळाची शी हाच आहे. दूध कमी पोचले तर शी कमी होते आणि आतड्यात आलेले बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषले जाते. म्हणून काविळीत बाळाला अधिक वेळा, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, अंगावर घ्यावे. पाणी किंवा साखरेचे पाणी देऊ नये, कारण त्याने पोट भरते, पण शी वाढत नाही. झोपाळू बाळाला पाजताना दुपटे सोडून, लंगोट बदलून, तळपाय चोळून जागे करावे लागते, आणि हे करताना घरातल्या माणसांचा हातभार लागतो. सासूबाईंना काही करायचेच असेल, तर ही मदत सर्वांत मोलाची होईल.

कोवळ्या उन्हाचा उपाय निराधार नाही, त्यामागे एक खरी गोष्ट आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिका मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना उन्हाळ्यात बाहेर अंगणात नेत असत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले; त्याच्या अंगाचा पिवळेपणा उतरला होता, मात्र चादरीचा कोपरा जेथे पडला होता तेवढा त्रिकोण गडद पिवळा राहिला होता. त्याच रुग्णालयात उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतील बिलिरुबिनही कमी भरले, आणि या निरीक्षणांतून पुढे दिव्याचा उपचार उभा राहून १९५८ मध्ये तो वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निळसर प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि मग तो यकृताच्या प्रक्रियेविना पित्तातून व मूत्रातून निघून जाऊ शकतो. पण त्या दिव्याची तीव्रता मोजलेली असते, बाळ लंगोटाखेरीज उघडे असते, डोळ्यांवर पट्टी असते आणि ठराविक तासांनी रक्त तपासले जाते. खिडकीतल्या उन्हात यांतले काहीच नसते. बाळ गारठण्याची किंवा त्याची त्वचा भाजण्याची शक्यता मात्र असते. सर्वांत मोठा तोटा म्हणजे ‘ऊन देतो आहोत’ या समाधानात तपासणी लांबते. तुम्ही पाच-दहा मिनिटे धरत असाल तर त्याने अपाय झाला असे मी म्हणणार नाही, पण तो उपचार समजू नका.

मावससासूबाईंच्या मनात आहे ते इंजेक्शन अँटी-डीचे, आणि ते तुमच्यासाठी नाहीच. ते आर-एच निगेटिव्ह आईसाठी असते आणि तुम्ही पॉझिटिव्ह आहात. ए-बी-ओ आणि आर-एच या दोन्ही प्रकारच्या विसंगतींना लोक ‘रक्तगट न जुळणे’ या एकाच नावाने ओळखतात, म्हणून हा गोंधळ होतो. आर-एच निगेटिव्ह आईच्या रक्तात डी खुणेविरुद्ध (लाल पेशींवर ही खूण असली की गट पॉझिटिव्ह, नसली की निगेटिव्ह) प्रतिपिंडे आधीपासून नसतात; बहुधा प्रसूतीच्या वेळी पॉझिटिव्ह बाळाचे थोडे रक्त तिच्या रक्तात मिसळले की ती तयार होऊ लागतात. त्यामुळे पहिले मूल सहसा सुखरूप जन्मते आणि पुढच्या मुलांना उत्तरोत्तर तीव्र त्रास होतो, इतका की पोटातच पांडुरोग होऊन बाळ दगावू शकते. अँटी-डी आईच्या रक्तात आलेल्या बाळाच्या पेशी तिच्या शरीराने दखल घेण्याआधीच दूर करते. १९६८ पासून वापरात आलेल्या या औषधाने त्या आजाराचे स्वरूपच पालटले. गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते देतात. गर्भपात, गर्भनलिकेतील गर्भ, गरोदरपणातील रक्तस्राव किंवा पोटाला मार लागणे या प्रसंगीही ते लागते, आणि नेमके तेथेच ते राहून जाते. एकदा प्रतिपिंडे तयार झाली की मग या इंजेक्शनचा उपयोग होत नाही. हे दान केलेल्या प्लाझ्मापासूनच बनते; ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांनी ११०० हून अधिक वेळा केलेले दान त्यासाठी प्रसिद्ध आहे. तुमच्या नात्यात कुणी निगेटिव्ह गटाची स्त्री असेल, तर मावससासूबाईंची ही विचारणा तिच्यासाठी फार उपयोगाची आहे.

ए-बी-ओ विसंगतीसाठी असे प्रतिबंधक इंजेक्शन नाही, कारण प्रतिपिंडे आधीच असतात. याच कारणाने ती पहिल्या मुलातही दिसते, जशी तुमच्या मुलीत दिसली. दुसऱ्या अपत्याबद्दल बोलायचे, तर तुमच्याकडून मुलाला ओ हाच घटक मिळणार. यजमानांनी आपल्या आईवडिलांकडून एक बी आणि एक ओ घेतला असेल, तर दर खेपेला मूल ओ गटाचे होण्याची शक्यता निम्मी, आणि तसे झाले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांच्याकडे दोन्ही बी असतील, तर प्रत्येक मूल बी गटाचे होईल. बी गटाच्या पुढच्या बाळालाही कावीळ होण्याची शक्यता बरीच असते. पण आर-एचप्रमाणे ती दर खेपेला वाढत जाते असा नियम नाही, आणि पोटातल्या बाळाला ए-बी-ओ विसंगतीमुळे गंभीर धोका क्वचितच होतो. त्यामुळे गरोदरपणात यासाठी वेगळे औषध, वेगळी सोनोग्राफी किंवा मुदतीआधी प्रसूती यांची सहसा गरज पडत नाही. दुसरे मूल हवे की नको, हे तुम्ही उभयतांनी अन्य कारणांवर ठरवावे; रक्तगट हे नको म्हणण्याचे कारण होऊ शकत नाही.

तयारी करायची ती प्रसूतीनंतरच्या पहिल्या चार दिवसांची. नाव नोंदवतानाच डॉक्टरांना पहिल्या मुलीची हकीकत सांगा, नाळेच्या रक्तातून बाळाचा रक्तगट लगेच तपासायला सांगा, आणि बाळ तुमच्या गटाचे नसेल तर पहिल्या चोवीस तासांत एकदा बिलिरुबिन मोजल्याखेरीज आणि पुढच्या तपासणीची तारीख हाती घेतल्याखेरीज घरी जाण्याची घाई करू नका. पिवळेपणा पाहताना उजेडात बाळाच्या कपाळावर, छातीवर आणि नडगीवर बोट दाबून उचलावे आणि क्षणभर दिसणारा त्वचेचा रंग पाहावा. तो पायांपर्यंत पिवळा दिसला तर वाट पाहू नये. सावळ्या त्वचेवर हा अंदाज चुकतो, म्हणून शंका आली की डोळ्यांवर विसंबू नये, आकडाच घ्यावा. आत्ताच्या मुलीचे बिलिरुबिनचे सगळे आकडे तासांसह, दिव्याखाली ठेवल्याची आणि काढल्याची वेळ, आणि या आठवड्यात होणाऱ्या हिमोग्लोबिनचा कागद एकाच फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा तो अधिक कामाला येईल.